शेवटचं पान आधी

१८ जुलै. मुलं घरी गेल्यावर बालवाडीतली पुस्तकं दुरुस्त करायला बसले. आमच्या मदतनीस मंगलनं मैद्याची खळ करून दिली होती, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या आणि फाटक्या पुस्तकांची चळत माझ्यासमोर होती.

कुठल्याही बालवाडीत जा, चित्रांची पुस्तकं पुढून फाटतात. मुखपृष्ठ आधी जातं, मग पहिलं पान, मग दुसरं. शेवटची पानं नवी करकरीत राहतात, कारण तिथवर पोचायच्या आधी मुलांना शू लागते किंवा डबा आठवतो. जुन्नरच्या पेठेमागच्या गल्लीत आमची बालवाडी आहे, तिथं मात्र सगळं उलटं. आमची पुस्तकं मागून फाटतात. पहिली पानं आत्ताच दुकानातून आणल्यासारखी, आणि शेवटची पानं बोटांनी मळलेली, कोपरे झडलेली, शिवणीतून सुटून हातात येणारी.

याला कारण घेवरशेठ.

पण त्या दिवशी करडाचं पुस्तक हातात घेतलं, तर शेवटचं पान नव्हतंच. फाटलं नव्हतं, कुणीतरी ते कापून नेलं होतं. मागं राहिलेली कड बारीक दात्यांची, नागमोडी होती. तशी कात्री कापडवाल्यांकडे असते. गिऱ्हाइकाला नमुन्याचा तुकडा कापून देताना दोरे सुटू नयेत म्हणून ती वापरतात.

मंगलनं वाकून बघितलं. "बाई, ह्ये शेठचंच काम."

"मला दिसतंय," मी म्हटलं आणि खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

समोरच त्यांचं घर. जाऊन जाब विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण घेवरशेठ हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी क्रमानं सांगणार आहे. त्यांना ते आवडणार नाही.

घेवरशेठ म्हणजे घेवरचंद. मूळचे राजस्थानातले जैन, पण सगळं आयुष्य जुन्नरच्या पेठेत गेलेलं, त्यामुळे बोलणं पेठेतलंच. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, पांढऱ्या शर्टाच्या खिशात चष्मा. तो चष्मा डोळ्यांवर मी फारसा कधी बघितला नाही. त्यांचं कापडाचं दुकान होतं. व्यापारी तागा घेऊन आला की घेवरशेठ वरचं कापड बघत नसत. "वरचं काय, सगळेच चांगलं ठेवत्यात," म्हणत. सगळा तागा गादीवर भराभर उलगडायचा, आतल्या फळीपर्यंत जायचं, शेवटचा हातभर तुकडा दाराशी नेऊन उजेडात धरायचा, आणि मगच बोलणी. "टोक दाखव," हे त्यांचं पहिलं वाक्य. रामराम त्याच्यानंतर.

ही सवय का लागली, असं विचारलं की ते एक गोष्ट सांगत. एका मिलच्या माणसानं कधीकाळी त्यांना तागा विकला होता, वरून सुरेख आणि आत टोकाला हा एवढा डाग. पण ती गोष्टही ते त्यांच्याच पद्धतीनं सांगत. "शेवटी तागा परत घेतला त्यांनी," अशी सुरुवात. "आता ऐका काय झालं ते." तोवर ऐकणारा उठून गेलेला असे.

कापडापुरतं हे राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण डॉक्टरांकडे गेले की खुर्चीत टेकायच्या आधी विचारणार, "बरं व्हनार ना? मग सांगतो काय झालंय." नारायणगावला जायचं असलं तरी एसटीत पाय ठेवताना कंडक्टरला प्रश्न, "ही मुक्कामाला कुठं?" मुक्कामाचं गाव पटलं नाही तर खाली उतरून पुढच्या गाडीची वाट बघणार. लग्नपत्रिका खालून वाचतात. त्यामुळे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची नावं त्यांना पाठ, नवरानवरीची विचारावी लागतात. चातुर्मासात महाराजांच्या व्याख्यानाला सगळं घर वेळेवर जातं. शेठ पोचतात ते मांगलिकाच्या बेताला. शेवटचे आशीर्वाद हात जोडून घेतात आणि मग शेजारच्याला हळूच विचारतात, "आज सांगितलं काय?" क्रिकेटची मॅच तर ते निकाल कळल्याशिवाय लावतच नाहीत. भारत हरला असेल तर टीव्ही बंद.

मग मुलानं दुकान रेडिमेडचं केलं. शर्ट पुठ्ठ्यावर घडी घालून, टाचण्या टोचून, प्लास्टिकमध्ये येऊ लागले. शेठ काही दिवस एकेक पाकीट हातात घेऊन उलटसुलट करत बसले. "याला टोकच नाय, बाई," मला म्हणाले. पुढं गादी गेली, काचेचं काउंटर आलं आणि शेठ घरी आले. येताना कापड मोजायचा लोखंडी मीटर आणि कात्री तेवढी बरोबर आणली.

त्यांचा ओटा आमच्या बालवाडीच्या बरोबर समोर. खिडकीतून माझा आवाज तिकडे जातो हे मला माहीत होतं, पण कुणी ऐकत असेल असं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी एकदा मी कुलूप लावत होते, तर हे रस्ता ओलांडून आले.

"बाई, त्या म्हशीचं काय झालं?"

"कुठल्या म्हशीचं?"

"सकाळी तुमी सांगत व्हता. म्हैस चिखलात रुतली म्हणाला, आन् तुमची खिचडीची वेळ झाली. मला दुपारची झोप नाय लागली राव."

मी कुलूप काढलं, कपाटातून पुस्तक दिलं. त्यांनी थेट शेवटचं पान उघडलं. म्हैस गोठ्यात उभी राहून कडबा खात होती. "हां, निघाली," म्हणाले, पुस्तक परत दिलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या आधी दारात हजर, हातात लोखंडी मीटर. "गोष्ट मी सांगू का?"

मी भावुक बाई नाही. मंगल आणि मी मिळून वीसबावीस पोरं सांभाळतो. खिचडीकडे, हजेरीकडे, कुणाच्या तरी चड्डीकडे बघायला तेवढा वेळ हवाच होता. बिनपगारी माणूस चालून आला, मी घेतला. त्या दिवसापासून रोज तासभर घेवरशेठ आमच्याकडे. मीटरनं चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायची. सून सांगते, सकाळी अंघोळ झाली की टोपी घालून घड्याळासमोर बसतात. दिवसभरात तेवढाच त्यांचा धंदा उरला होता.

आता आमच्या वादाचं मूळ. बालवाडीत आम्ही गोष्टीवरून मुलांना क्रम शिकवतो. आधी काय झालं, मग काय झालं, शेवटी काय झालं. ज्या मुलाला हे लावता येतं, त्याला पुढं स्वतःचं सांगता येतं, लिहिता येतं, गणितसुद्धा सोपं जातं. त्यासाठी मी बिनशब्दांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढून चित्रं जाड पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. खिडकीपासून कपाटापर्यंत वाळणीची दोरी बांधलीय. मुलांनी चित्रं ओळखायची आणि कपड्याच्या चिमट्यांनी ओळीनं लावायची, खिडकीकडून कपाटाकडे. पोरांना चिमटे फार आवडतात, एकमेकांच्या कानाला लावतात.

सोपं वाटतं, पण नाही. सकाळची चित्रं दिली होती: उठणं, दात घासणं, अंघोळ, नाश्ता, बालवाडी. एका मुलानं दात घासायचं चित्र सगळ्यात शेवटी लावलं. मी म्हटलं, "अरे, बालवाडीत येऊन मग दात घासतोस?" तर म्हणाला, "आमच्या आळीत पाणी उशिरा येतं." त्याचा क्रम बरोबर होता.

करडाचं पुस्तक सगळ्यांचं लाडकं. शेळी आणि करडू बाजाराला निघतात. बाजारात गर्दी. गर्दीत करडू मागं राहतं. एक पानभर ते एकटंच, चहूकडे माणसांचे पाय. पाऊस येतो, ते हातगाडीखाली शिरतं. शेळीच्या गळ्यातली घंटा लांबून दिसते. शेवटच्या पानावर करडू आईच्या पोटाशी झोपलेलं.

घेवरशेठ हे पुस्तक उघडायचे ते मागून. मीटर त्या झोपलेल्या करडावर टेकवायचे. "टोक बघा रे. कोण झोपलंय?"

"करडू!"

"कुणापाशी?"

"आईपाशी!"

"माल चांगला हाय का?"

"चांगला हायऽऽ!"

"मग उलगडायचा का तागा?"

आणि मग पहिलं पान.

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. "शेठ, शेवट आधी सांगितला तर उत्सुकता कशाची राहणार?"

"उत्सुकता कुणाला पायजे, बाई? त्यांना का तुमाला?"

"आणि क्रमाचं काय? मी आधी-मग-शेवटी शिकवते, तुम्ही शेवटी-आधी-मग करता."

"तुमचं शिकवणं चालू द्या की. मी माल दाखवतो नुसता."

यंदा जूनमध्ये ईश्वरी आली. घाटघरची, नाणेघाटाकडची. वय चार. आई तिला आमच्याच गल्लीतल्या मावशीकडे ठेवून भाताच्या लावणीला परत गेली. लावणीत सगळं घर खाचरात असतं, तिकडचा पाऊस असा की पोराला बसवायला कोरडी जागा सापडत नाही. ईश्वरी रोज मावशीचं बोट धरून उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथंच उभी राहून रडायची. चप्पल काढायची नाही. चप्पल काढली म्हणजे राहावं लागणार, असं तिनं ठरवलं होतं.

मंगलनं चिक्की दाखवली, मी बाहुली दाखवली. काही नाही. घेवरशेठनी तिला हाकसुद्धा मारली नाही. फक्त उंबऱ्यातून दिसेल असं पुस्तक धरलं, शेवटचं पान उघडून, आणि बराच वेळ उलटलंच नाही. दोनतीन दिवसांनी चपला उंबऱ्याबाहेर होत्या आणि ईश्वरी शेठच्या गुडघ्याला टेकून बसली होती. मला वाटलं, झाली सवय. नव्या पोरांना आठवडा लागतोच.

जुलैच्या सुरुवातीला आमच्या ट्रस्टच्या मॅडम पुण्याहून वर्ग बघायला आल्या. मी करडाची चित्रं सतरंजीवर पसरली. "चला, गोष्ट लावा बघू."

पहिला मुलगा उठला, झोपलेलं करडू शोधून काढलं आणि खिडकीकडच्या पहिल्या चिमट्याला लावलं. मी ते काढलं, दुसऱ्या मुलीला बोलावलं. तिनंही तेच केलं. तिसऱ्यानं तर खराटा घेतला, दांडा चित्रावर टेकवला आणि मॅडमकडे वळून म्हणाला, "टोक बघा. माल चांगला हाय का?"

"माल?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मागं बसलेले घेवरशेठ इतके खूश झाले होते की त्यांना काही कळलंच नाही. मॅडमनी जाताना मला दाराशी सांगितलं. मुलांना क्रमाची जाण नाही. पुढच्या महिन्यात परत येईन. तेव्हाही असंच दिसलं तर बाहेरच्या माणसांनी वर्गात बसणं बंद.

मी शेठना स्पष्ट सांगितलं, "उद्यापासून गोष्ट पहिल्या पानापासून. नाहीतर तुमचं येणं बंद होईल, आणि ते माझ्या हातात नाही."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "तुमचं दुकान, बाई. सांगाल तसं." आणि सरावासाठी पुस्तक घरी मागून घेतलं. संध्याकाळी ओट्यावरून आवाज येत होता, "एक व्हतं करडू..." आणि लगेच पानं फडफडल्याचा. पुन्हा "एक व्हतं करडू..." आणि पुन्हा फडफड.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले आणि पहिलं पान उघडलं. मी मुद्दाम समोर उभी होते. शेळी निघाली, बाजार आला. मग ते एकट्या करडाचं पान आलं. मीटर चित्रावर टेकला आणि तिथंच राहिला. ईश्वरी गुडघ्याला टेकून बसली होती. तिनं पान बघितलं, शेठच्या तोंडाकडे बघितलं.

"त्याची आई कुठंय?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. "पुढचं पान, शेठ."

पुढच्या पानावर पाऊस. ईश्वरी उठली, उंबऱ्यावर गेली, चपला पायात घातल्या आणि असा काही टाहो फोडला की गल्लीतून दोन बायका बघायला आल्या.

घेवरशेठनी पुस्तक मिटलं. "मला नाय जमत, बाई. पोरांना फसवल्यासारखं वाटतंय." मीटर उचलला, पुस्तक काखेत मारलं आणि गेले. दोन दिवसांनी मंगलच्या हाती पुस्तक परत आलं. ते स्वतः आले नाहीत. त्यानंतरही नाही. ओट्यावर बसायचे, पण खुर्ची फिरवून, आमच्याकडे पाठ करून.

"रुसल्यात जणू," मंगल म्हणाली. "सून म्हणत व्हती, सकाळी टोपी घालत्यात आन् परत काढून ठेवत्यात."

"मोठे आहेत. उतरेल राग," मी म्हटलं. मला गोष्टी स्वतः सांगाव्या लागत होत्या, खिचडी दोनदा बुडाला लागली होती, त्यामुळे रुसायचं असेल तर मलाही रुसता आलं असतं. पण पोरं चित्रं बरोबर लावू लागली होती. आणि ईश्वरीचं रडणं दोन दिवसांत थांबलं होतं. चपला घालूनच उंबऱ्यावर बसायची, आत यायची नाही, पण फ्रॉकच्या खिशात हात घालून शांत बसायची. मी मनात म्हटलं, बघा, क्रमानं सांगितलं की पोरं स्थिरावतात.

खिशात काय आहे ते काही मी बघितलं नाही. चिक्की असेल असं वाटलं.

तर अठरा तारखेला ती नागमोडी कड बघितली आणि पुस्तक घेऊन मी रस्ता ओलांडला.

घेवरशेठ ओट्यावर सुपात तूरडाळ निवडत होते. मी पुस्तक त्यांच्यासमोर उघडं धरलं. त्यांनी पुढं वाकून कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कड सुटली नाय ना?"

"शेठ, पान कुठंय?"

"गिऱ्हाइकाकडं."

"कोण गिऱ्हाईक?"

"ती, उंबऱ्यावरची." डाळीतला खडा काढून त्यांनी रस्त्यावर टाकला. "नमुना दिला तिला. असं असतं बघा, बाई. बायामाणसं दुकानात यायच्या, कापड आवडायचं, पण मन व्हायचं नाय. त्यांना म्हणायचं, घरी घेऊन जा तुकडा. उजेडात बघा, पोलक्याला लावून बघा, दोन दिवस जवळ ठेवा. पटलं की आपल्या पायानं येत्यात. ओढून आणून कापड खपत नाय."

"ती चार वर्षांची आहे, शेठ."

"म्हणून तर लहान तुकडा दिला."

मला हसू आलं असतं, पण मी रागावून आले होते. "आणि तिची आई नाही आली तर? लावणी लांबली, रस्ता खचला, काहीही होऊ शकतं. पोरीला तुम्ही आईपाशी झोपलेलं करडू देऊन बसलात."

आता मात्र घेवरशेठ दुखावले. सूप खाली ठेवलं. "न तपासता नमुना देतो व्हय मी? जो माल दुकानात नाय त्याचा नमुना मी जन्मात दिला नाय. घाटघरच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर रोज सकाळी स्टँडवर चहा घेतो. त्याच्या हाती निरोप धाडला, निरोप आला. वरची खाचरं झाली, खालची राह्यलीत. पुढच्या बाजाराला येती ती. पक्कं. मग कात्री लावली."

त्यासाठी हे गृहस्थ रोज सकाळी पावसात स्टँडवर जात होते तर. मला वाटलं होतं, फिरायला जातात.

मी ओट्यावर टेकले. "एवढं सगळं कशासाठी, शेठ? मिलवाल्यानं एकदा डागाचा तागा दिला म्हणून?"

"त्या ताग्याचं नाय वो," ते म्हणाले.

सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मला काकांनी आणलं हितं. मारवाडातनं, दुकानात बसायला. हिच्यापेक्षा थोडा मोठा असंन. आई म्हणाली, दिवाळीला घरी यायचं हं. कुठल्या दिवाळीला, ते नाय सांगितलं."

"मग?"

"मग काय? दर दिवाळी आली की मी पिशवी भरून ठेवायचो. आन् दिवाळीत कापडवाल्याला सवड असती व्हय? हुबा बाजार दुकानात. काका म्हणायचे, पुढच्या दिवाळीला. मी आपला ताग्यावर तागा उलगडतोय."

सुपात खडा उरला नव्हता, तरी त्यांची बोटं फिरत होती.

"गेलो तवा मिशी फुटली व्हती. दारात हुबा राह्यलो. आई आतनं आली, मला बघितलं आन् पदर पुढं ओढून घेतला तोंडावर. म्हणाली, कोण पाव्हणे?"

एवढं बोलून त्यांनी डाळ डब्यात ओतली आणि आत सुनेला हाक मारली, "डाळ झाली गं."

मी पुस्तक हातात धरून बसले होते. इतक्या वर्षांत घेवरशेठनी एखादी गोष्ट पहिल्यापासून सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकली होती.

उठताना म्हटलं, "पुस्तक ट्रस्टचं आहे, शेठ. पान भरून द्यावं लागेल."

"देतो की."

"आणि उद्या सकाळी या."

"पहिल्या पानापास्नं?"

"या तर आधी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी मी दोरी घट्ट बांधली. झोपलेल्या करडाचं पुठ्ठ्यावरचं चित्र घेतलं आणि कपाटाकडच्या अगदी शेवटच्या चिमट्याला लावलं. बाकी दोरी रिकामी ठेवली. शेठचं स्टूल खिडकीपाशी मांडलं.

शेठ आले, टोपी घालून, हातात मीटर घेऊन. दोरीकडे बघितलं, कपाटाकडच्या चित्राकडे बघितलं आणि स्टुलावर बसले. मुलं आली, सतरंजीवर बसली. ईश्वरी उंबऱ्यावर, चपलांसकट.

तिचं लक्ष दोरीकडे गेलं. खिशातून तिनं तो कागद काढला, घामानं मऊ झालेला, नागमोडी कडेचा. हात लांब करून तो दोरीवरच्या चित्रासमोर धरला. एक डोळा मिटून दोन्ही चित्रं जुळवून बघितली. घेवरशेठ स्टुलावरून तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, दुकानात गिऱ्हाईक नमुना घेऊन परत यायचं तेव्हा ते असेच बघत असतील.

ईश्वरीनं कागद खिशात ठेवला. एक चप्पल काढली. मग दुसरी.

मी पहिलं चित्र उचललं, खिडकीकडच्या पहिल्या चिमट्याला लावलं आणि बाकीची चित्रं मुलांपुढं टाकली. पलीकडच्या टोकाला करडू आईपाशी झोपलेलं होतं, मधली दोरी मोकळी होती.

"शेठ, दाखवा मीटर," मी म्हटलं. "चला, सांगा बघू. आधी काय झालं?"